माझा हात, वसंताची किडनी

दवाखान्याच्या बाकावर वाट पाहणाऱ्याला दोनच गोष्टी मिळतात, पाठदुखी आणि किस्से. किडनी बदलल्यापासून मी बेंगळुरूत इतके बाक झिजवलेत की किस्से सांगायचा हक्क माझाच! शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी शिकले ती गोळ्यांच्या खोक्यातले कागद वाचून.

किडनी माझ्या धाकट्या भावाची, वसंताची. बेंगळुरूतल्याच मारतहळ्ळीहून त्याचा रोज फोन. "अक्का, कशी आहेस?" नाहीच. "माझी किडनी कशी आहे?"

"तुझ्यापेक्षा जास्त काम करते!"

*

उजव्या हाताच्या बोटावर गाठ आली. मग मनगटाकडे ओळीने आणखी. मेडिकलवाला म्हणाला, "फंगस, अक्का. स्वल्प मलम लावा, सरी होतं, बरं होतं." मलम संपलं, गाठी वाढल्या. रिकामी ट्यूब मी त्याच्या काउंटरवर आपटली.

"फंगस खूश आहे. आणखी मागतंय!"

*

त्वचेची डॉक्टर नागपूरची, तरुण पोरगी. "आजी, तपासायला छोटासा तुकडा घेते."

"पुरेसा घे! चवीपुरता घेऊन परत मागशील, तर मिळणार नाही."

*

तिने लॅबला बजावलं, नमुना नेहमीपेक्षा गार ठेवा. काही आठवड्यांनी जंतू उगवला. "पाण्यातला आहे, आजी. टीबीच्या कुळातला, पण टीबी नव्हे. किडनी टिकावी म्हणून तुमची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबलीय ना, त्याचं फावलं. गारव्यात वाढतो हा."

"मग बेंगळुरू सोडून कशाला जाईल!"

*

"घरी माशांची टाकी आहे?" तिने विचारलं.

आहे की. ऑपरेशननंतर सोबत म्हणून भेट आलेली. मी उघड्या हातांनी घासायची. भेट देणारा शेजारच्या खुर्चीत बसून छताचा पंखा न्याहाळत होता.

"वसंता, किडनी निदान तपासून दिली होतीस!"

*

आता हात ठणठणीत आहे, हे त्यानेच लिहितेय. टाकी वसंताकडे गेली. कोपरापर्यंत ग्लोव्हज चढवून घासतो. पण टाकीचं विचारलं त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं.

डॉक्टर म्हणाली, "कित्येक महिने गोळ्या घ्याव्या लागतील. त्यातली एक तुमच्या किडनीच्या गोळीशी भांडते. रक्त तपासत राहू, पण किडनीला धोका आहे. नाही घेतल्या, तर जंतू सांध्यात, हाडात शिरेल."

मी उठलेच. "हात गेला तर जाऊ दे. किडनी त्याची आहे. तिच्यावर मी जुगार खेळणार नाही!"

वसंताने दंडाला धरून मला खाली बसवलं.

"डॉक्टर, तुम्ही गोळ्या लिहा. माझ्याकडे अजून एक आहे."