पिवळी रेघ

आठव्या रांगेच्या मध्यावर आलो तेव्हा माझ्या टाचा बोलायला लागल्या होत्या.

"भाऊजी, टेकू या का जरा?"

"एवढी रांग होऊ दे, वहिनी."

माझे धाकटे दीर पुढे, मी मागे. त्यांच्या हातात नट आवळायचा पाना, माझ्या हातात लाल मार्कर. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर सौर पॅनेलच्या रांगा, आणि एवढ्या पसाऱ्यात माणसं म्हणाल तर आम्ही दोघंच. सुट्टीचा दिवस होता. फाटकावर रखवालदाराने मला हेल्मेट दिलं, ते मी उलटं घातलं. तो म्हणाला, "ताई, तुमचं तोंड इकडे आहे ना? मग हेल्मेटचंही इकडेच करा."

मी काही हौसेने आले नव्हते. जाऊने पाठवलं होतं. "सात आठवडे झाले, सुट्टीला हा माणूस घरात थांबत नाही. विचारलं तर म्हणतो, फेरी मारून येतो. ताई, तुम्हीच बघा. माझ्याशी बोलले तर मी घर डोक्यावर घेईन हे त्यांना पक्कं माहीत आहे."

तसे भाऊजी बोलके कधीच नव्हते. सातवीनंतर सायकलच्या दुकानात लागले, तेव्हापासून पाना हातात. पुढे पत्र्याच्या शेड उभारल्या, पाण्याच्या टाक्या चढवल्या, आणि हा सौर प्रकल्प उभा राहत होता तेव्हा इथे नट-बोल्टच्या टोळीचे मुकादम झाले. इथे त्यांना सगळे पानेमामा म्हणतात. घरी त्यांनी झाकण लावलेली बरणी कोणालाच उघडत नाही. माझी जाऊ त्यांच्या मागे बरणी घेऊन फिरते आणि म्हणते, "हे कामावर करा, इथे मला साखर हवी आहे!" माझ्या लेकीच्या लग्नात मांडवाचे दोर त्यांनी स्वतः पुन्हा आवळले होते. सैल काही बघितलं की त्यांच्या हाताला खाज सुटते, असं माझे यजमान म्हणायचे. असा हा माणूस.

त्या दिवशी त्यांनी मला काम समजावून दिलं होतं. ठरलेल्या जोराइतका नट आवळला गेला की त्या पान्यातून 'कट्' असा आवाज येतो. कमी आवळलं तर पॅनेल सुटतं, जास्त आवळलं तर काच तडकते. आवाज आला की मी नटावरून खालच्या पट्टीपर्यंत लाल रेघ ओढायची. "आवाजाच्या आधी रेघ नाही," हे त्यांनी मला तीनदा बजावलं. मी म्हटलं, "मी काय शाळेतली पोर आहे?" त्यावर ते हसले नाहीत.

प्रत्येक नटावर आधीच एक पिवळी रेघ होती. प्रकल्प बांधताना ओढलेली. नट आवळून झाला याची ती खूण. पुढे कधी नट सैल होऊन फिरला तर रेघ मोडलेली दिसते. तपासणाऱ्याला पाना लावावा लागत नाही, नुसतं बघत चालत जायचं. एवढ्या मोठ्या प्रकल्पात लाखांनी नट, त्यामुळे ही युक्ती सोयीची आणि स्वस्तही.

पहिल्या शंभरेक नटांवर मी मुकाट्याने रेघा ओढल्या. मग माझ्या लक्षात आलं. भाऊजी पाना लावत, तेव्हा 'कट्' लगेच येत नव्हतं. नट पाव फेरा, कुठे अर्धा फेरा फिरे, मग आवाज येई. आणि फिरताना ती सरळ, स्वच्छ पिवळी रेघ माझ्या डोळ्यांदेखत दोन तुकडे होई.

मी थांबले. "भाऊजी, रेघ सरळ होती. मग नट सैल कसा?"

ते पुढच्या नटाकडे वाकले होते, तसेच राहिले. मग म्हणाले, "बसू या, वहिनी."

आम्ही पॅनेलच्या सावलीत मातीवर बसलो. मी डबा उघडला, पण त्यांनी हात लावला नाही, सांगायला लागले.

बांधकामाच्या वेळी हे 'कट्' वाजणारे सगळे पाने तपासणीला बाहेर पाठवावे लागले. पान्याचा जोर बरोबर आहे का, हे दर वर्षी बघून घ्यायचं असतं. अकरा दिवस पाने नव्हते. वरून रोज विचारणा, आज किती रांगा झाल्या. काम थांबवलं असतं तर टोळी दुसऱ्या साइटवर गेली असती. म्हणून पानेमामांनी ठरवलं की साध्या हातपान्याने नट नुसते लावून घ्यायचे, रेघवाल्यांनी रेघा ओढत पुढे जायचं, पाने आले की मागून खरं आवळून घेऊ.

"आले ना पाने?"

"आले. त्याच दिवशी आम्हाला पलीकडच्या टोकाला हलवलं. मी म्हटलं, उद्या. मग परवा." त्यांनी पाना मांडीवर घेतला. "आणि वहिनी, रेघ असलेल्या नटाकडे पुन्हा कोण बघतो? नंतर नंतर मीसुद्धा रेघ बघून म्हणायचो, झालंय की हे."

अशा पंचवीस रांगा.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी जे वादळ आलं, त्यात यांतल्याच तीन रांगा उडाल्या. ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण भाऊजींची लेक इथे पॅनेल धुणाऱ्या बायकांच्या टोळीत आहे. वारा सुटला की त्या बायका पॅनेलखालीच आडोशाला बसतात. माळावर दुसरं छप्पर आहे कुठे? त्या दिवशी ती चौथ्या रांगेखाली होती. शेजारची रांग पत्त्यांसारखी उलगडत गेली. एका बाईचं मनगट मोडलं, बाकीच्या वाचल्या. लेक घरी आली तेव्हा तिच्या केसांत काचेचा चुरा होता. मी दोन दिवस तो कंगव्याने काढत होते आणि मनात देवाचं नाव घेत होते.

पुढे चौकशी झाली. उडालेल्या रांगांवरचे नट तपासले. पिवळी रेघ सरळ! नट सैल असतानाच ती ओढलेली, आणि नंतर तो फिरला नव्हता. पॅनेल त्याला धरणाऱ्या क्लॅम्पमधून नुसतं सटकून गेलं. पण साहेबांनी सरळ रेघ बघितली आणि लिहिलं, जोडणीत दोष नाही, वाऱ्याचा जोर अपेक्षेबाहेरचा, दैवी आपत्ती. आता उपाय म्हणून दर दोन खांबांच्या मध्ये आणखी एक खांब ठोकणार आहेत. सगळ्या प्रकल्पात. खर्च डोळे फिरवणारा.

"आणि त्याने थांबेल का?" मी विचारलं.

"खांब कुठे हलला होता, वहिनी? खांब जागच्या जागी होते. वरचं गेलं."

"तुम्ही तेव्हा बोलला का नाही?"

"मला वाटलं, रिपोर्टात निघेल. मी रोज वाट बघायचो. निघेल, मला बोलावतील, मग मी सांगेन. रिपोर्ट आला आणि मी सुटलो. खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली." त्यांनी मातीत बोटाने काहीतरी ओढलं आणि पुसलं. "दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, बाबा, आता आम्ही चौथ्या रांगेखालीच बसतो, ती टिकली ना, मजबूत आहे."

चौथी रांग पंचवीसांतलीच होती. त्यांनी पहिली तीच आवळली.

सुट्टीला एक रांग होते. सात झाल्या होत्या, ही आठवी. उडालेल्या तीन सोडल्या तर हिच्यानंतर चौदा उरतात, आणि वाऱ्याचे दिवस सहा आठवड्यांवर आलेत. हिशेब मी बोटांवर केला, त्यांनी कधीच केलेला होता.

"पुरी टोळी लावली तर दोन दिवसांचं काम," ते म्हणाले.

"मग सांगा साहेबांना."

"माझी नोकरी जाईल, त्याचं काही नाही. पण नट आवळल्याच्या कागदावर माझ्याखाली सोळा पोरांच्या सह्या आहेत. मी सांगितलं म्हणून रेघा ओढल्या त्यांनी. त्यांना कोण ठेवील? आता तर त्यांची घरं याच्यावर चालतात."

रागही आला होता आणि त्यांचा थकलेला चेहराही बघवत नव्हता. शेवटी मनात जे सलत होतं तेच बोलले.

"भाऊजी, मी देवाला मानते. रोज त्याच्यापुढे हात जोडते, तुमची लेक वाचली तेव्हाही जोडले. पण तुमच्या साहेबांनी त्या कागदावर देवाचं नाव घातलंय, आणि ते तुम्हाला पुरलं. देवाने काही तुमचे पाने नेले नव्हते."

वारा नव्हता, तरी वरचं पॅनेल उन्हाने तापून मधूनच टिक् करायचं आणि आम्ही दोघंही वर बघायचो.

मग ते उठले. मला वाटलं दुखावले, आता एक शब्द बोलणार नाहीत. पण त्यांनी पाना उचलला, पुढच्या नटाला लावला. नट फिरला, पिवळी रेघ मोडली, 'कट्' झालं. मी लाल रेघ ओढली. असे पन्नासेक नट झाले असतील.

रांगेच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी हेल्मेट काढून घाम पुसला. आमच्या आळीत कोणाला अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे येतात. अक्षर बरं आहे, आणि साहेब लोकांना राग येणार नाही असं गोड लिहिता येतं मला. भाऊजींना ते ठाऊक होतं.

"वहिनी, पत्र लिहून द्याल? उद्या सकाळी देतो साहेबांना. रांगांचे नंबर मी सांगतो. सोळा जणांचं लिहा की त्यांना मी सांगितलं होतं, पाने नाहीत हे मला माहीत होतं, त्यांना वाटलं मागून आवळतील."

"लिहिते."

"आणि तुमचं ते गोड नको. माझी इतक्या वर्षांची नोकरी, वरून घाई होती, असलं काही घालू नका. मी वाचताना म्हणेन, वहिनी, इथे जरा सांभाळून घ्या. तेव्हा माझं ऐकू नका."