फुईचं पान

फुई पंगतीत कधी बसली नाही. फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शहाद्याकडच्या आमच्या गावात कुणाकडेही कार्य असो, स्वयंपाक तिचा आणि जेवण मात्र चुलीपाशी उभ्यानं. एकदा नवरात्रात माझ्या आईनं फारच आग्रह केला, तर म्हणाली, "मी सवाशीन नही, कुवारी नही. मन्हं पान कोठे मांडशी?"

लग्न तसं थाटात झालं होतं, कळसाडी गावी दिली होती. पण नऊ वर्षांत नवऱ्यानं तिला हात लावला नाही. का, ते तो जाणे. वांझ मात्र ही ठरली. डोहाळजेवणाला तिला कुणी बोलवेना, आणि मुलासाठी उपास सासूनं हिलाच करायला लावले.

दहाव्या वर्षी ती माहेरी आली आणि पंच बसवा म्हणून हटून बसली. काडीमोडीला नवऱ्याची संमती लागे, आणि तो ती देईना. दिली तर लोक कारण विचारतील ना! फुईला काडीमोड नकोच होती. मारुतीच्या पारासमोर पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "नऊ वरीस व्हयनात. त्यानी माले हातबी लावा नही. मन्हं लगीन झायंच नही, तशं सांगी द्या."

तो खाली मान घालून बसलेला. त्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही. हिला मात्र असले असले विचारले की आजोबा उठून घरी निघून आले. शेवटी म्होरक्या म्हणाला, "नवरा जित्ता शे, तोवर तू त्यानी बायको शे." वाचली पुरुषाची अब्रू.

फुईनं मंगळसूत्र पारावर ठेवलं आणि घरी येऊन भाकरी थापायला बसली. पुढे कुंकू नाही, बांगडी नाही. जित्या नवऱ्याचं वाईट चिंतते, असं शेजारणी म्हणत. हात असे बोडके का, असं मी लहानपणी विचारलं होतं. जे झालंच नाही ते मिरवायचं कशाला, म्हणाली.

हिवतापानं गेली. कुणीतरी शहाणपणा करून कळसाडीला निरोप धाडला, आणि तो हिरवं लुगडं घेऊन हजर. एव्हाना त्यानं दुसरी केली होती, तिलाही मूल नव्हतंच. बायकांना मात्र भरून आलं. "भाग्यानी शे, सवाशीन गयी." हळद लावली, मळवट भरला. हात ताठरला होता, दोन बांगड्या फुटल्या. मग तेल लावून चढवल्या.

चढवल्या त्या मीच. तिला हे नको होतं हे तिच्या तोंडून ऐकलेली मी, आणि माझं तोंड उघडलं नाही.

तेराव्याला सवाष्णी जेवायला बसल्या. त्यांच्या पंगतीत पहिलं पान फुईच्या नावानं मांडलं.