बाईंच्या डोक्यावर चार बोटं

चष्मेवाल्यांच्या दुकानात एक फिरती खुर्ची होती. गिऱ्हाईक तिच्यावर बसलं की चष्मेवाले ती फिरवून वर किंवा खाली करत आणि समोरच्याचे डोळे बरोबर आपल्या डोळ्यांच्या रेषेत आणत. मग नाकावर चौकट ठेवायची, दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, कानामागची काडी किती वळवायची ते ठरवायचं. कुणी ताडमाड असो की बुटका, त्या खुर्चीत सगळे एका पातळीवर येत. उभं आयुष्य असं गेल्यामुळे चष्मेवाल्यांची एक समजूत होऊन बसली होती. माणसं उंच किंवा बुटकी असतात ती उभी असताना. बसली की सगळी सारखीच. ही समजूत त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती, त्यामुळे ती कुणी खोडूनही काढली नव्हती.

स्वतः ते बेताच्या उंचीचे. त्यांच्या पत्नी मात्र चांगल्या उंच. त्या शाळेत मुलींना खेळ शिकवत, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणे. लग्नाच्या फोटोत बाई खुर्चीवर आणि चष्मेवाले शेजारी उभे, अशी व्यवस्था फोटोग्राफरने लावून दिली, ती पुढे प्रत्येक फोटोत कायम राहिली. बाईंची धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिला थट्टेला एवढं भांडवल पुरेसं होतं. "भावोजींना ताईशी भांडायचं असलं तर आधी स्टूल शोधावं लागतं," असं ती पाहुण्यांसमोर सांगायची आणि चष्मेवाले सगळ्यांच्या आधी हसायचे.

चष्मेवाल्यांना शौक म्हणाल तर एकच. त्यांच्याकडे एक जुनी, उघडी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार होती. इतकी ठेंगणी, की शेजारी बस येऊन उभी राहिली तर डोळ्यांसमोर बसचं चाक यायचं. एका बंद पडलेल्या गोदामात ती धूळ खात होती, तिथून त्यांनी ती ओढत आणली आणि दर रविवारी थोडी थोडी करत उभी केली. इंजिन मिस्त्रीने केलं, रंग रंगाऱ्याने केला. पण कापडी टप मात्र चष्मेवाल्यांनी स्वतः शिवला. शेजारच्या बॅगवाल्याच्या मशीनवर, त्याच्याकडून शिकून. दोनदा बेतला आणि दोनदा उसवला, तेव्हा कुठे तिसऱ्या खेपेला तो काचेच्या चौकटीवर ढोलासारखा ताणून बसला. कुणी गाडी बघायला आलं की चष्मेवाले इंजिन दाखवायच्या आधी टपाची शिवण दाखवत.

बाई शेजारी बसत. हौसेने बसत असंही नाही आणि कुरकुरत असंही नाही. नवऱ्याचा आनंद आहे, म्हणून बसत. पण एकदा घाट उतरताना वळणावर खडी पसरलेली होती. गाडी सरकली, कडेच्या चरात गेली आणि बाईंच्या बाजूने आडवी झाली. चर उथळ होता म्हणून निभावलं. खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही. पण गाडी कलंडत असताना बाईंनी जमीन आपल्या डोक्याकडे येताना पाहिली होती. त्या बाहेर आल्या, कपडे झटकले आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, ही पूर्ण उलटली असती, तर माझ्या डोक्यावर काय होतं? कापड. यापुढे तुम्ही गाडीने या. मी बसने येईन."

बाईंचा शब्द म्हणजे मैदानावरची शिट्टी. वाजली की खेळ थांबला. त्या दिवसापासून दोघांना कुठे जायचं झालं की चष्मेवाले गाडीने निघत आणि बाई बसने. धाकटीच्या घरी आधी एक पोहोचे, मग दुसरं. ती दारात उभी राहून विचारायची, "काय भावोजी, वाटेत बसमध्ये कुणी ओळखीचं दिसलं का?"

चष्मेवाले हसत, पण आत कुठेतरी त्यांना लागत असे. पुढच्या वर्षी दुकान पुतण्याच्या हवाली करून मोकळं व्हायचं त्यांनी ठरवलं होतं. मोकळं होऊन काय करायचं, तर जे जे रस्ते दोघांनी नुसते बसच्या खिडकीतून पाहिले, ते या गाडीने पुन्हा हिंडायचे. आता शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवून कसले रस्ते हिंडणार? गाडी चालवताना त्यांना सारखं त्या बाजूला काही सांगावंसं वाटे आणि तिथे पिशवी असे.

शेवटी त्यांनी रोल बार बसवायचा निश्चय केला. सीटच्या मागे उभी लोखंडी कमान. गाडी उलटली तर वजन तिच्यावर येतं, माणसाच्या डोक्यावर नाही. त्यांनी बाईंना विचारलं, "लोखंड लावलं तर बसशील?"

"लावा तर आधी. मग बघू," बाई म्हणाल्या.

वेल्डर ओळखीचा होता. हॉस्पिटलच्या खाटा आणि व्हीलचेअरी बनवायचा, म्हणून पाइप वाकवायचं यंत्र त्याच्याकडे होतं. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून आत पाहिलं. "काका, ही गाडी आहे की बुटाचा खोका?" म्हणाला. पण कामाला लागल्यावर त्याची थट्टा थांबली. पाइप त्याने जाड भिंतीचा, सांधा नसलेला निवडला. सीटमागच्या तळाचा पत्रा जुना, पातळ. नुसते बोल्ट मारले तर उलटताना कमान पत्रा फाडून खाली घुसेल, म्हणून पत्र्याच्या खालून तळव्याएवढ्या जाड पोलादी पट्ट्या द्यायच्या, असं त्याने ठरवलं. मग एक लांब लाकडी पट्टी आणली.

"बसा आत. पट्टीचं एक टोक पुढच्या काचेच्या चौकटीवर, दुसरं टोक जिथे कमानीचा माथा येणार तिथे. तुमचं डोकं पट्टीच्या चार बोटं खाली राहिलं पाहिजे. तेवढं ठेवलं की झालं."

चष्मेवाले बसले. वेल्डरने खूण केली. टप लावून पाहिला, तर कमान टपाच्या आत नेमकी मावत होती. चष्मेवाल्यांचा चेहरा खुलला.

"आता काकूंना बोलवा," वेल्डर म्हणाला.

"तिला कशाला? तयार झाल्यावरच दाखवू."

"त्या उंच आहेत ना."

"उभी असताना उंच आहे," चष्मेवाले म्हणाले. "बसल्यावर काय, सगळी माणसं सारखीच."

वेल्डरने त्यांच्याकडे जरा पाहिलं. पण हा माणूस लोकांची तोंडं मोजत म्हातारा झालेला. त्याला काय सांगायचं, असं त्याला वाटलं असावं. "बरं," म्हणून त्याने पाइप यंत्रात घातला.

कमान फार सुबक झाली. पाइप वाकवला तिथे कुठे सुरकुती नाही, दोन्ही खांदे एकसारखे, मागे चाकांच्या कमानींवर टेकलेले दोन तिरके पाय. काळा रंग दिला, डोकं आपटू शकेल तिथे जाड स्पंजाची गुंडाळी केली. टप घातला तर आत काही आहे याचा बाहेरून पत्ताही लागेना. रविवारी सकाळी गाडी दारात आली. वेल्डर आला होता, धाकटीही आली होती. टप मागे घडी करून ठेवला. बाई बाहेर आल्या, कमानीला हात लावून हलवून पाहिली. हलली नाही. मग दार उघडून, पाय आधी आत घेऊन, त्या सीटवर बसल्या आणि ताठ बसल्या, जशा त्या नेहमीच बसत.

चष्मेवाले पुढे उभे होते. धाकटी मागे होती, म्हणून आधी तिला दिसलं.

"ताई, तुझं डोकं वर आलंय की कमानीच्या."

वेल्डरने लाकडी पट्टी उचलली. एक टोक कमानीवर ठेवलं, दुसरं काचेच्या चौकटीकडे नेऊ लागला, तर पट्टी बाईंच्या डोक्याला अडली. पुढे जायला तिला वाटच नव्हती.

"म्हणजे गाडी उलटली, तर आधी आमची ताई टेकणार आणि मग भावोजींची कमान," धाकटी म्हणाली. म्हटल्यावर तिलाच ते फार झालं असं वाटलं.

बाई सावकाश उतरल्या. त्यांनी पुन्हा एकदा कमानीवरून हात फिरवला. "काम छान झालंय," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी अगदी बरोबर आहे."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेच चष्मेवाल्यांना जास्त लागलं.

दोन दिवस त्यांनी पळवाटा शोधल्या. सीटचा स्पंज काढून बघितला. बाई बसल्या तर गुडघे हनुवटीला टेकले आणि समोरचं काही दिसेना. "मी काय घडीची खुर्ची आहे?" त्या म्हणाल्या. कमानीवर तुकडा जोडून ती उंच करता येईल का, असं वेल्डरला विचारलं. त्याने पाना खाली ठेवला.

"काका, जोर येईल तेव्हा जोडावरच येईल. तसलं काम मी खाटेला करत नाही, तर इथे कसं करू? नवी कमान करू. पण काकूंच्या उंचीची कमान टपाखाली बसणार नाही. आता टप ठेवायचा की काकूंना बसवायचं, ते तुम्ही ठरवा. मी वेल्डर आहे, त्यात पडत नाही."

संध्याकाळी दुकानातून आल्यावर चष्मेवाल्यांनी स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची उचलून भिंतीला लावली. बाई भाजी निवडत होत्या.

"अगं, जरा इथे बस."

"आता काय?"

"बस तर. ताठ बस. नेहमीसारखी."

बाई बसल्या. चष्मेवाल्यांनी त्यांच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली, भिंतीवर पेन्सिलने खूण केली. मग त्यांना उठवून स्वतः बसले आणि त्यांच्याकडून आपल्यासाठी खूण करून घेतली. उठून वळून पाहिलं. दोन खुणांच्या मध्ये वीतभर भिंत होती. त्यांनी तिच्यावर आपली वीत ठेवून पाहिली.

"एवढी?" ते म्हणाले.

"लग्नापासून एवढीच आहे," बाई म्हणाल्या. "टप लावला की मी मान तिरकी करून बसायचे, ते काय वाटायचं तुम्हाला?"

"मला वाटायचं, तू बाहेर बघत असतेस."

"बघायचेही. मान तिकडेच वळलेली असायची ना."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. एवढ्या वर्षांत हजारो लोकांना त्यांनी विचारलं होतं, इथे टोचतंय का, इथे दाबतंय का. घरातल्या माणसाला विचारायचं राहून गेलं होतं.

"बोलली का नाहीस कधी?"

"एवढ्या हौसेने शिवला होतात. त्यात मी काय मान मान करत बसू?" बाई पुन्हा भाजीकडे वळल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग टपाचं काय?"

"काढतोय."

"आणि पाऊस आला तर?"

"भिजू."

"तुम्हाला शिंका सुरू झाल्या की थांबत नाहीत."

"मग पावसाच्या दिवशी बसने जाऊ. दोघंही."

बाईंनी वर पाहिलं नाही, पण भाजीचं एक चांगलं पान त्यांनी कचऱ्यात टाकलं आणि निवडलेल्यात देठ ठेवला.

टपाचा सांगाडा काढताना चष्मेवाल्यांनी वेल्डरला हात लावू दिला नाही. स्क्रू स्वतः सोडवले, कापडाची घडी स्वतः घातली आणि बॅगवाल्याला नेऊन दिली. कापड चांगलं आहे, कशालाही वापर, म्हणाले. बॅगवाल्याने काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "माप चुकलं होतं." 

या खेपेला कमानीचं माप घ्यायला बाई स्वतः गाडीत बसल्या आणि वेल्डरने त्यांच्या डोक्यावर आपली चार बोटं आडवी धरून पट्टी लावली. "काकू, अंबाडा धरून की सोडून?" त्याने विचारलं. "धरून," बाई म्हणाल्या. नवी कमान आली तेव्हा तिच्यात पहिलीचा सुबकपणा नव्हता. एवढ्याशा गाडीवर ती फारच उंच दिसे. जुन्याच भोकांत बोल्ट बसवले, खालून पट्ट्या दिल्या, वेल्डरने कमानीला धरून सगळी गाडी हलवून दाखवली. धाकटी लांब उभी राहून बघत होती.

"किटलीला बादलीची कडी लावल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली.

"दिसू दे," चष्मेवाले म्हणाले.

बाई आत बसल्या आणि लाकडी पट्टी पुन्हा लागली. या वेळी बाईंच्या डोक्यावरून ती मोकळी गेली. बाई उतरल्या नाहीत. त्यांनी सीटचा पट्टा ओढून लावला आणि म्हणाल्या, "नाक्यापर्यंत. हळू."

चष्मेवाले नाक्यापर्यंत गेले. "वळवा," बाई म्हणाल्या. त्यांनी वळवली. घरासमोर गाडी थांबली तेव्हा वेल्डर दार उघडायला पुढे आला, पण बाईंचा हात पट्ट्याकडे गेला नाही.

"पुन्हा एकदा," त्या म्हणाल्या.

गाडी पुन्हा गेली आणि पुन्हा आली. गल्लीतली दोन-तीन माणसं गॅलरीत येऊन बघू लागली. वेल्डर पायरीवर बसला आणि म्हणाला, "आमच्या व्हीलचेअरची पण अशीच चाचणी घेतात." धाकटीने त्याला चहा आणून दिला. बाई ताठ बसल्या होत्या. पहिल्या फेरीत त्यांनी एका हाताने दाराची कड घट्ट धरली होती. पुढच्या फेरीत तो हात मांडीवर आला. चष्मेवाले त्यांच्याकडे वळून बघत नव्हते. बघितलं तर मोडेल अशी त्यांना धास्ती होती. ते आपले रस्त्यावर नजर ठेवून सांगत होते, इथे खड्डा आहे, इथे गतिरोधक आहे, आता ब्रेक लावतोय.

"मला दिसतंय," बाई म्हणाल्या. "आता सगळंच दिसतंय."

पुढच्या खेपेला नाका आला तेव्हा चष्मेवाल्यांनी सवयीने वेग कमी केला आणि वळवायला चाक थोडं फिरवलं. 'वळवा' असं कुणी म्हणालं नाही. त्यांनी पहिल्यांदाच शेजारी पाहिलं. बाई समोर बघत होत्या, मान सरळ.

"अहो, सिग्नल हिरवा आहे," त्या म्हणाल्या. "मागचा हॉर्न वाजवतोय."