टेबलाच्या पायाखालचा कायदा

सत्तरच्या दशकात मी कारंज्याच्या एका सरकारी कापूस खरेदी केंद्रात टायपिस्ट होते. ते दिवस आठवले की आधी कापूसच दिसतो. हिवाळ्याच्या उन्हात तो तरंगत असायचा, चहात उतरायचा, पापण्यांवर बसायचा. बोटं यंत्रावर चालायची आणि मी कुठेतरी दूर, पांढऱ्या गुंगीत असायची. त्या गुंगीतच वरून आलेल्या परिपत्रकांच्या प्रती काढायची. आपण टाइप करतो ते वाचायचंही असतं, हे कधी डोक्यात आलं नाही.

परिपत्रक आलं की आमच्याकडे तोच शेवटचा शब्द. कापूस खरेदीच्या कायद्याचं पुस्तक होतं, पण माझ्या टेबलाचा एक पाय आखूड, म्हणून ते त्याच्याखाली सरकवलेलं.

त्या हंगामात नवं परिपत्रक आलं. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्यानं स्वतः हजर राहिल्याशिवाय कापूस घेऊ नये. आणि धनज गावाहून एक बाई कापसाची गाडी घेऊन आली. नवरा वारलेला, सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव. मेलेल्या माणसानं गाडी हाकत कारंज्याला यावं, अशी आमच्या खात्याची अपेक्षा. साहेब वाईट नव्हते. त्यांनी सुचवलं, भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या नावावर घाला. बाई नाही म्हणाली. आज कापूस त्याच्या नावानं गेला, तर उद्या वावरही त्याचंच होईल.

ती दोन दिवस गाडीपाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलासमोर आली.

"हे कोनं ठरवलं, बाई?"

कायद्यानं, मी वैतागून म्हणाले.

"दाखवा मंग."

तिला वाचता येत नव्हतं. तिचं तोंड बंद करावं म्हणूनच मी पुस्तक ओढून काढलं. टेबल कलंडलं. पानं उलटता उलटता माझी गुंगी उतरत गेली. कायद्यात मालकाचा पत्ताच नव्हता. जो कापूस पिकवतो, तो उत्पादक. सरकारला नियम करता येतील, पण या कायद्याच्या अंमलासाठी, त्याच्या आतच.

पुस्तक मी साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी बराच वेळ वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"कायद्यानं हिला आत घेतलंय," ते म्हणाले. "परिपत्रकानं बाहेर कसं काढलं?"

कापूस तिच्या नावानं लागला. मला फार आनंद झाला, थोडा तोराही चढला. पावती घ्यायला आली तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं.

"माह्या शेजारनीले मांगच्या हप्त्यात तुमीच वापस पाठोलं," ती म्हणाली. "तिनं भासऱ्याच्या नावावर घातला. आता थो म्हनते, वावरही माहंच. तिच्या टायमाले पुस्तक काहून नाही काढलं?"

मी तिची शेजारीण आठवायचा प्रयत्न केला. आठ दिवसांपूर्वी ती याच टेबलासमोर उभी होती, आणि मला तिचा चेहराही आठवत नव्हता.