गळ्यातली किल्ली

दुबईत अल कुसैसमधल्या एका छोट्या खाजगी इस्पितळात मी नर्स होते. मॉर्फिनसारख्या औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या पाळीत माझ्याकडे असे. किल्ली माझी, अधिकार शून्य. डॉक्टरांनी लिहून सही केल्याशिवाय आणि दुसरी नर्स शेजारी उभी राहिल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. आधी पुण्यात असताना डॉक्टर फोनवर "द्या सिस्टर" म्हणाले की मी देऊन मोकळी व्हायचे, म्हणून हा नियम मला अपमान वाटे. मग मी किल्लीचाच तोरा मिरवायचे. ती चक्क मंगळसूत्रात अडकवली होती. नात म्हणते, "आज्जी, दॅट्स सो सिली." बरोबर आहे तिचं.

संक्रांतीनंतरचा शुक्रवार, म्हणजे तिकडचा सुट्टीचा वार होता. दुपारी पाळी संपली, औषधं मोजून झाली, सह्या झाल्या आणि मी अल मनखूलला घरी पळाले, कारण हळदीकुंकू होतं. किल्ली गळ्यातच राहिली.

शेजारच्या वहिनींनी तिळगूळ घेताना बरोबर हेरली. "हे काय गं नवीन?"

"विषारी औषधांचं कपाट माझ्या ताब्यात असतं ना," मी म्हटलं.

"मग आमच्या सासूबाईंना झोपेच्या चार गोळ्या आण की."

"बघते." 'मला देता येत नाहीत' हे काही तोंडातून निघेना.

तेवढ्यात फोन वाजला. माझ्यानंतरच्या पाळीची मल्याळी सिस्टर होती. "सिस्टर, चाबी किधर है?"

मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पमधला एक माणूस आला होता. मांडीचं हाड मोडलेलं, साध्या इंजेक्शनने भागत नव्हतं. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून सही केली होती, पण कपाट बंद. दुसरी किल्ली मेट्रनकडे आणि मेट्रन सुट्टीवर अबुधाबीला.

यजमानांनी गाडी काढली. खाडीच्या पुलावर सगळी दुबई सहलीला निघालेली. "यल्ला, यल्ला," ते पुढच्यांना अरबीत घाई करत हॉर्न वाजवत होते. मी काळ्या साडीत, हलव्याचे दागिने घालून, किल्ली मुठीत धरून बसले होते. तासाभराने पोहोचले. तो माणूस टॉवेल दातांत धरून पडला होता. घामाने उशी भिजली होती.

कपाट उघडलं, दोघींनी सह्या केल्या, सिस्टरने इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने त्याच्या तोंडातून टॉवेल सुटला. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "शुक्रिया, डॉक्टरसाब." ज्या बाईमुळे तो तासभर तळमळला, तिलाच. मी म्हटलं, "मैं डॉक्टर नहीं हूँ. देर मेरी वजह से हुई."

दुसऱ्या दिवशी मेट्रनने माझ्याकडून लेखी खुलासा घेतला आणि किल्लीला लाटण्याएवढा लाकडी ठोकळा बांधला. "अब गले में डालो," म्हणाली.

आठवड्याने जिन्यात वहिनी भेटल्या. "गोळ्यांचं बघितलंस का गं?"

"वहिनी, मला एक गोळीसुद्धा द्यायचा अधिकार नाही. सासूबाईंना डॉक्टरांकडे घेऊन जा."

"मग किल्ली कशाला दिलीय तुला?"

"सांभाळायला."

"हं," वहिनी म्हणाल्या, "ते तर आम्ही पाहिलंच."