लिश्टनस्टाइनमध्ये होडीचा वाटा

वसईच्या पाचूबंदरात कुणाला लिश्टनस्टाइनला जायचं असेल, तर त्याला व्हिक्टर तांडेलाकडे पाठवतात. अशी माणसं वर्षाकाठी फार निघत नाहीत. आल्प्सच्या कुशीतला हा देश आपल्या वसई-विरारच्या हद्दीत दीड-दोनदा मावेल एवढाच आहे, आणि त्याची सगळी प्रजा उद्या आमच्या गजबजलेल्या तुळिंजला भाड्यानं राहायला आली तर तुळिंजच्या लक्षातही येणार नाही. तरीपण त्या देशात कुठून कुठे जावं, कोणत्या डोंगरावर काय खावं आणि केव्हा उतरावं, हे सांगणारा माणूस आमच्याकडे आहे आणि तो मासेमारी करायचा, याचं आता कुणाला नवल वाटत नाही.

परवा भुईगावची मटिल्डा त्याच्याकडे आली होती. भाच्यानं तिला तिकडे बोलावलंय. तिला पाहण्यासारखी ठिकाणं हवी होती. व्हिक्टरनं तिला पडवीत बसवून आधी विचारलं, बरोबर कोण कोण आहे. मग विचारलं, शिधा काय नेणार. मग वारा, मग पायांत काय घालणार. पाहायचं काय, हा प्रश्न त्याच्याकडे सगळ्यात शेवटी येतो आणि तेव्हा त्याचं उत्तर बहुधा आपोआपच ठरलेलं असतं. ती उठली तेव्हा तो म्हणाला की माणसं जितकी असतील, त्याहून एक वाटा जास्त बांधा. कुणासाठी, असं तिनं विचारलं. ‘बांधा तर,’ एवढंच तो म्हणाला.

या जादा वाट्याची गोष्ट त्याची बायको मालू सांगते. व्हिक्टर सांगत नाही. तो फक्त मधे मधे तिला दुरुस्त करतो.

व्हिक्टरची होडी होती ‘देवमाता’. बापाच्या हातून आलेली, व्हिक्टरनं दोनदा नव्यानं बांधलेली. तांडेल म्हणजे होडीचा कर्ता. कधी निघायचं, कुठे जाळं टाकायचं, कधी परतायचं, हे तोच ठरवणार. मासळी विकली की वाटे पडतात. खलाशाचा वाटा, तांडेलाचा वाटा, आणि एक वाटा खुद्द होडीचा, कारण तीही राबलेली असते. ही रीत सगळीकडेच आहे. व्हिक्टरच्या बापानं ती भाकरीपर्यंत नेली. ‘देवमाता’वर जेवायला बसलं की एक भाकरी जास्त मोडायची आणि होडीच्या नावानं बाजूला ठेवायची. परतताना सुकाणूवर जो असेल त्यानं ती खायची. टाकायची मात्र नाही. व्हिक्टरनं ही रीत चाळीस वर्षं पाळली, आणि त्यामागे काही अर्थ आहे का हे त्याला विचारलं तर तो तुमच्याकडेच संशयानं बघतो.

पुढे गुडघा गेला, खलाशी मिळेनासे झाले, आणि ‘देवमाता’ दक्षिणेकडच्या कुणीतरी घेतली. होडी बंदरातून बाहेर पडली त्या दिवशी व्हिक्टर घरात झोपून होता. नंतर त्यानं पडवीतली आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. मासळीचा भाव विचारीना, हवेकडे बघेना. मालू सांगते की भांडला असता तरी चाललं असतं. पण ज्या माणसानं जन्मभर आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचा बेत सांगितला, तो ‘उद्या’ हा शब्दच बोलेनासा झाला. जेवायला काय करू विचारलं तर म्हणे, कर काहीपन. अशी दोन वर्षं गेली.

त्यांची मुलगी रोवेना तिकडे फाडुट्सला परिचारिका आहे. फाडुट्स ही त्या देशाची राजधानी, आणि तिथे बसस्टॉपवर माणसं बससाठी रांग लावतात एवढी ती मागासलेली आहे. रोवेनानं आईबापांना ऑक्टोबरात बोलावून घेतलं. तिनं रोजचा कार्यक्रम आखून ठेवला होता. पहिल्या दिवशी राजाचा किल्ला बाहेरून, दुसऱ्या दिवशी म्युझियम आतून. व्हिक्टर सगळीकडे गेला. बसच्या मागच्या सीटवर बसला, उतर म्हटलं की उतरला, फोटोत उभा राहिला. किल्ल्याकडे एकदा बघून तो बसस्टॉपकडे वळला. वसईच्या माणसाला किल्ल्याचं कौतुक नसतं हे खरं, पण मालूला कळत होतं की कारण ते नव्हे. तिच्या भाषेत, त्याला पाकिटात घालून फिरवत होतो.

दुसऱ्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर रोवेनाचा नकाशा पसरलेला होता. डोंगरात पायी फिरणाऱ्यांसाठीचा नकाशा, उंचीच्या रेषा आणि आकडे असलेला. व्हिक्टरनं चष्मा लावला. रेषांवरून त्याचा अंगठा हळूहळू फिरायला लागला. मालूनं भांडी तशीच ठेवली. तो अंगठा तिनं या आधी पाहिला होता. समुद्राच्या नकाशावर खोलीचे आकडे असतात, आणि व्हिक्टरनं जन्मात दुसरा नकाशा पाहिला नव्हता.

मग तो म्हणाला, ‘उद्या हितं जावू.’ जिथे रेषा एकात एक गोल मिटत गेल्या होत्या तिथे त्यानं नख टेकवलं होतं. त्याच्या मते तो चांगला मोठा खड्डा होता. चारी बाजूंनी आडोसा, वारा लागायचा नाही, बसून निवांत जेवता येईल.

रोवेनानं आईला स्वयंपाकघरात नेलं. सांगितलं की तो खड्डा नाही, शिखर आहे. आकडे उंचीचे आहेत. वरच्या माल्बुन गावापर्यंत बस जाते, पण तिथून सगळी चढण, आणि पप्पांचा गुडघा हा असा. नर्स असल्यामुळे तिनं गुडघ्याबद्दल बरंच काही सांगितलं. मालूनं एवढंच विचारलं की मधेच दमला तर परत उतरता येईल का. रोवेना म्हणाली, येईल.

‘मग गप ऱ्हा,’ मालू म्हणाली. ‘दोन वरसांनी त्यानं कुटं जायाचं ते सांगितलंय.’

त्या रात्री व्हिक्टरनं मोहीम बांधली. पिण्याचं पानी किती, भाकरी किती, दोर आहे का. दोर कशाला, असं रोवेनानं विचारलं नाही, तिनं कपडे वाळत घालायची दोरी आणून दिली. बर्फाचं काय, असं तो होडीवरच्या सवयीनं विचारणार होता, पण खिडकीबाहेर चांदण्यात डोंगरांची पांढरी टोकं दिसत होती. म्हणाला, बर्फ वर मिळंल. मग त्यानं मालूच्या पाकिटातली छोटी दिनदर्शिका काढून तिथी पाहिली आणि भांग आहे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर नाही, असं समाधानानं जाहीर केलं. त्या देशाला समुद्रच नाही. एवढंच कशाला, त्याच्या शेजाऱ्यांनाही नाही. पण हे बोलून दाखवण्यात कुणाचा फायदा नव्हता.

सकाळी दार उघडलं तर धुकं. समोरची इमारत दिसेना. तांडेल वादळाला भीत नाही इतका धुक्याला भितो, धुक्यात होडी काढत नाही. व्हिक्टर पायरीवर थांबला. मालूला वाटलं, आता हा आत जाईल, आणि तिथेही एक भिंत होतीच. रोवेना फोनवर हवामान दाखवत होती की वर ऊन आहे. व्हिक्टरनं फोनकडे पाहिलं नाही. नाक वर करून हवा घेतली, गळपट्टा बांधला आणि निघाला. बाहेर पडताना कधी परतायचं हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून रोवेनानं परतीच्या बसची वेळ मनातल्या मनात पाठ केली.

बसमध्ये तो मागे बसला नाही. ड्रायव्हरच्या पाठीशी दांडा धरून उभा राहिला आणि प्रत्येक वळणाला धुक्यात डोळे ताणून बघत राहिला. ड्रायव्हरनं जर्मन भाषेत बसायला सांगितलं असावं. एका वळणावर बस एकदम उन्हात निघाली. तेव्हा कुठे त्यानं हात सैल केला.

माल्बुनपासून पायवाट चढायला लागली. पहिली चढण झाली, दुसरी झाली. व्हिक्टर नकाशा काढून बघायचा, परत घडी घालायचा. वाटेत एक स्थानिक म्हातारी दोन काठ्या टेकत भराभर पुढे गेली आणि हसून काहीतरी म्हणाली. मालूला धाप लागली होती, पण बोलण्यापुरती शिल्लक होती.

‘तुमचा खड्डा अजून लांब हाय का हो?’

‘हाय थोडा,’ व्हिक्टर म्हणाला.

तिसऱ्या चढणीवर त्याला कळलं असणार. मालू म्हणते, त्याच्या मानेवरून दिसत होतं. रोवेनानं हळूच सुचवलं की इथेही बसता येईल. तो थांबला, गुडघा चोळला आणि पुन्हा चालू लागला. एकदा बेत सांगितला की तांडेल सहसा फिरत नाही. हा गुण आहे की दोष, यावर पाचूबंदरात दोन मतं आहेत.

शिखरावर लाकडी क्रूस होता, कडेला थोडं बर्फ होतं आणि वारा असा की टोपी धरावी लागत होती. व्हिक्टरनं चहूकडे बघितलं. ‘ह्या लोकांनी खड्डा पालथा ठेवलाय,’ तो म्हणाला.

मग त्यानं खाली पाहिलं. सगळी दरी धुक्यानं भरली होती. पांढरं, सपाट, दूरपर्यंत. त्यातून डोंगरांचे माथे बेटांसारखे वर आलेले. काठाला धुकं हलत होतं, खडकांत शिरत होतं, मागे येत होतं. फाडुट्स, किल्ला, म्युझियम सगळं तळाशी गेलं होतं. व्हिक्टर क्रूसाला टेकून उभा राहिला. मग दाखवायला लागला. तो अर्नाळा, किल्ल्यासकट. ते खाडीतलं पानजू. ही दोहोंमधली वाट, इथून आपन निघायचो. ‘देवमाता’ या अंगाला कलायची, तिला सांभाळून घ्यावं लागायचं. दोन वर्षांत होडीचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा आलं. मालूनं तोंड फिरवून पिशवी उघडली.

तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. नेहमीप्रमाणे वाटे व्हिक्टरनं केले. माणसं तीन. कागदावर वाटे चार पडले. रोवेना काहीतरी बोलणार होती, मालूनं तिचा पाय दाबला. व्हिक्टरलाही तेव्हाच दिसलं. तो त्या चौथ्या वाट्याकडे बघत राहिला. वाऱ्यानं कागद उडत होता, त्यानं एका हातानं दाबून धरला होता. तिघं जेवली. चौथा वाटा तसाच राहिला.

शेवटी त्यानं तो उचलून मालूपुढे धरला.

‘तू खा.’

‘होडीचा हाय.’

‘होडी गेली,’ तो म्हणाला. ‘तिकडं तिला कोन देत असंल नसंल. हितवर आनलंस तू. खा.’

मालूचं पोट भरलं होतं. तरी तिनं ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, कारण टाकायची नसते. चटणी जरा तिखट झाली होती असं ती अजून सांगते, आणि डोळ्यांना पाणी आलं ते त्याचंच. व्हिक्टर इथे तिला दुरुस्त करत नाही.

खाली धुक्याचा काठ वर सरकायला लागला होता. व्हिक्टरनं तो पाहिला, भरती लागली म्हणाला आणि सगळ्यांना उठवलं. उतरताना तो पुढे होता, एका हातात रोवेनाची दोरी, जी कुठेच लागली नव्हती. पहिल्या वळणावर त्यानं मागे न बघता हात लांब केला.

‘रोवेना, त्यो नकाशा दे,’ तो म्हणाला. ‘उद्याचं बघू दे.’