भावाला खाटेवरून उठवलं तो दिवस

बांधावरून भांडताना मी थोरल्या भावाच्या पोटात विळा घातला. आधी त्यानं मला काठीनं झोडपलं होतं, पण तेवढ्यानं माझं पाप कमी होत नाही. निजामी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तरी आमच्याकडं बांधाचा निवाडा डोकी फोडूनच व्हायचा. ट्रक अडवून आम्ही त्याला उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. आईनं डॉक्टरांना सांगितलं, "बैलानं शिंग घातलं." डॉक्टरांनी रक्तानं भरलेल्या माझ्या धोतराकडं पाहिलं आणि पोट शिवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "याला उठवा, चार पावलं चालवा. नुसता पडून राहिला तर आतडी हलायची नाहीत."

आई त्याचे पाय धरून बसली. "फाडल्यालं पोट हाय सायेब, टाकं उसवत्याल. म्या उटू द्यायची न्हाय."

मायेपुढं कुणाचं चालतंय? तिसऱ्या दिवशी पोट फुगून टम्म झालं, वारा सरेना. डॉक्टरांनी मला बाहेर गाठलं. "आज उठला नाही तर तुमचा भाऊ हातचा जाईल."

त्याच्यासमोर जायचं नाही, अशी आईनं मला शपथ घातली होती. मी ती मोडली. आत जाऊन म्हणालो, "आण्णा, पडून ऱ्हा निवांत. बांध म्या उद्याच नांगरतो."

त्याचे डोळे पेटले. आईला झिडकारून तो उठला आणि पोट दाबत खाली उतरला. "थांब भाड्या, तुझा मुडदाच पाडतो!"

मी एक पाऊल मागं सरलो, तो एक पुढं आला. विळा घालताना मला भीती वाटली नव्हती, आता मात्र माझी नजर त्याच्या पोटावरून हटत नव्हती. टाके सुटले असते तर मी दुसऱ्यांदा त्याला मारला असता. व्हरांड्यात पाठीला भिंत लागली, तेव्हा थांबलो. त्यानं अशी मुस्काटात दिली की ओठ फुटला. दुसरी मारायला हात उचलला आणि त्याचा तोल गेला. मी त्याला मिठीत धरला.

"सोडू नगं," तो म्हणाला, "पडतुया."

खांद्याचा आधार देऊन परत नेताना अर्ध्या वाटेत त्याला मोठ्यानं वारा सरला. आई रडतच देवाला हात जोडायला लागली. मीही रडत होतो.

खाटेवर टेकताना त्यानं माझा हात धरला. "दुपारी परत ये. आजून लई मारायचंय तुला."

मी दुपारी गेलो.